अथेन्स : मधोमध ठेवलेल्या बश्या आणि आईचं जेवण

शेवंती
४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अथेन्सला जाऊन आले. मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि माझी आई. धाकटा भाऊ तीन वर्षं तिथे आहे, पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, एका जहाज कंपनीत नोकरीला. त्याच्याकडेच उतरलो होतो. अक्रोपोलिस, संग्रहालयं यांच्यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला फक्त एका संध्याकाळच्या जेवणाबद्दल लिहायचंय, कारण परत येऊन महिना होत आला तरी ते मनातून जात नाही. शिवाय दोन-तीन प्रश्न आहेत, ते तिकडे राहिलेल्यांना विचारायचे आहेत.

भावाचं घर आनो पेत्रालोना भागात. फिलोपापू टेकडीच्या पाठीमागचा हा उतार. टेकडीच्या पुढच्या अंगाला पर्यटकांची झुंबड, आणि इथे मात्र बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणि फुटपाथच्या कडेनं कडू संत्र्यांची झाडं. त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक छोटं जेवणघर आहे. नऊ टेबलं, त्यातली सहा बाहेर फुटपाथवर. उतारामुळे डुगडुगू नयेत म्हणून एका बाजूच्या पायांखाली लाकडी चकत्या घातलेल्या. टेबलावर कागद अंथरलेला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी बाजूंना चिमटे. पाटीवर लिहिलेलं 'मेझेदोपोलिओ', म्हणजे मेझे मिळण्याचं ठिकाण. मेझे म्हणजे बशीभर पदार्थ. तिथे कुणी स्वतःपुरतं ताट मागवत नाही. जे मागवायचं ते सगळ्यांसाठी, आणि ते येतं टेबलाच्या मधोमध. 'स्ती मेसी' म्हणायचं, की वाढणाऱ्याला कळतं.

आता आईबद्दल सांगायला हवं. वय एकाहत्तर, पूर्ण शाकाहारी. आमचं घर वाईचं, माणसांचा राबता मोठा. लग्न होऊन आल्यापासून तिनं पंगतीच्या पंगती वाढल्या, आणि उष्ट्या-खरकट्याचं तिचं फार कडक आहे. अजूनही पाणी वरून पिते. चमचा आमटीत घातला आणि तोंडाला लावला, की तो परत पातेल्यात जाता कामा नये, हे आम्हाला लहानपणी धपाटे खाऊन शिकवलेलं. त्यामुळे चार माणसं आपापला काटा एकाच बशीत घालणार, हे भावानं आधी सांगितलं तेव्हाच मला धास्ती होती. मी पिशवीत दशम्या घेतल्या होत्या, खोटं कशाला सांगू.

साडेआठला गेलो तर आम्हीच पहिले. शेजारची टेबलं दहाच्या पुढे भरली. भावानं नऊ पदार्थ सांगितले, पण एकदम नाही, दोन-तीन करत. आधी फावा आला. पिवळ्या डाळीचं घट्ट, मऊ वाटण, कोमट, चमच्याच्या पाठीनं मधे खळगा करून त्यात ऑलिव्हचं तेल सोडलेलं, वर चिरलेला कांदा आणि खारवलेल्या केपरच्या कळ्या. आई म्हणाली, "हे तर वरण थिजवल्यासारखं दिसतंय." मग मेलित्झानोसालाता, म्हणजे विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात लसूण, लिंबू आणि तेल. मग व्लीता नावाची उकडलेली पालेभाजी. आईनं एक देठ काट्यानं उचलून उजेडात धरला, पान उलटंसुलटं केलं आणि निकाल दिला, "माठ आहे. तांदुळज्याच्या जातीतला." भावानं तिथेच फोनवर शोधलं. व्लीता म्हणजे खरंच त्याच कुळातली भाजी. ती नुसती उकडतात, वर लिंबू आणि तेल, फोडणी नाही. मग द्राक्षाच्या पानात भात भरून केलेल्या दोल्मादाक्या, टोमॅटोत भाजलेले मोठ्ठाले पांढरे घेवडे (नाव 'यिगांतेस', आणि खरोखर एकेक दाणा अंगठ्याएवढा), टोमॅटो-काकडीवर फेटा चीजची अख्खी लादी ठेवलेलं सॅलड आणि तव्यावर परतलेलं चीज, सागानाकी. भावानं आणि नवऱ्यानं भाजलेला ऑक्टोपस आणि तळलेले छोटे मासे मागवले, ते टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायला सांगितले. वाइन किलोवर मिळते हे ऐकून लेक थक्क झाली. अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर, अॅल्युमिनियमच्या तांब्यात.

आईची बशी मात्र कोरी. भावानं पाव मोडून सॅलडच्या तळाशी साचलेल्या तेलात, टोमॅटोच्या रसात बुडवला, तिकडे सगळे तसंच करतात. आईनं नजर वळवली. दहा मिनिटं ती पाव नुसता कुरतडत होती.

तेवढ्यात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई बाहेर आल्या. साठीच्या असतील, कमरेला ओलं फडकं. त्यांनी एकेका बशीकडे पाहिलं, मग आईच्या कोऱ्या बशीकडे. भावाला काहीतरी विचारलं, त्यानं काय सांगितलं देव जाणे. त्या आत गेल्या आणि मूठभर चमचे घेऊन आल्या. एक स्वच्छ चमचा घेऊन त्यांनी फाव्याच्या मधोमध सरळ रेघ ओढली, बशी फिरवली, आणि अलीकडचा भाग आईकडे करून तिच्या हातात दुसरा चमचा दिला. तसंच वांग्याच्या भरताचं केलं. माठाच्या भाजीतली निम्मी उचलून वेगळ्या बशीत काढून दिली. एकही शब्द आईला कळत नव्हता, पण ती लगेच जेवायला लागली. शेवटपर्यंत आपल्या बाजूचंच खाल्लं, रेघ ओलांडली नाही.

आणि मला जे खरं सांगायचंय ते हे. आई बाहेर जेवायला गेली तरी वाढतच असते. "तुला भात घालू? जावईबापू, भाजी घ्या. अगं, तिला लिंबू दे." स्वतःचा पहिला पोळीचा तुकडा तोडेपर्यंत आमचं निम्मं जेवण झालेलं असतं. इथेही ती दोनदा उठायला गेली. पण वाढायला काही नव्हतंच! प्रत्येक बशी प्रत्येकाच्या हाताला लागत होती, पुढची बशी कुठली आणि कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, संपल्याकडे लक्ष ठेवायला काही नव्हतं. आम्ही साडेतीन तास बसलो. माझ्या उभ्या आयुष्यात आई आमच्याबरोबर पहिल्या घासाला बसली आणि शेवटच्या घासाला उठली, असं मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. भाऊही नंतर घरी गेल्यावर हेच बोलला. आम्ही दोघं त्याच्या बाल्कनीत बराच वेळ गप्प बसलो होतो.

शेवटी न मागवता एक बशी आली. घट्ट, तपकिरी, साच्यातून काढलेली वडी, वर दालचिनीची पूड. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "हा शिरा आहे. तूप नाही, तेलात केलाय." मग ती तडक स्वयंपाकघराच्या दारात. त्या बाईंनी हातातला लाकडी चमचा खाली ठेवला आणि बोटं मोजून दाखवली. एना म्हणून तेलाची बाटली, द्यो म्हणून रव्याचा डबा, त्रिया म्हणून साखर, तेसेरा म्हणून नळ. आई दारात उभी राहून आपल्या बोटांवर मोजत होती.

पाच जणांचं बिल ८१ युरो झालं, त्यात पावाचे माणशी एक युरो होते.

प्रश्न असे : १) अशा जेवणात उष्ट्याचं तुम्ही काय करता? २) पाच जणांना नऊ बश्या जास्त होतात का? आमचे घेवडे थोडे उरले. ३) न मागवता आलेल्या पावाचे पैसे घेणं रीतीला धरून आहे का?

कैरी
४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

त्या बाईंनी फाव्यात ओढलेली रेघ वाचून डोळ्यांत पाणी आलं. ताई, ती डाळ कुठली? आपल्याकडे मिळेल का?

पिरेअसकर
४ ऑक्टोबर, रात्री ११:०२

शेवंतीताई, फार जिव्हाळ्यानं लिहिलंय. मी जहाजावर इंजिनात पंचवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ग्रीक मालकांच्या जहाजांवर, त्यामुळे पिरेअसला मुक्काम कितीतरी वेळा पडला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. तुमच्या भावानं केलं तेच बरोबर. एकदम सगळं सांगायचं नाही. आपली माणसं तिथे जाऊन मेनू वरून खालपर्यंत वाचतात, दहा पदार्थ एका दमात सांगतात, मग ते एकाच वेळी येतात, निम्मे गार होतात आणि टेबलावर जागा उरत नाही. माणशी दोन हा अंदाज धरा, पण सुरुवात चार बश्यांनी करा. ग्रीक लोक एक शब्द सारखा वापरतात, 'सिगा सिगा', म्हणजे हळूहळू. बिलसुद्धा तुम्ही मागितल्याशिवाय आणत नाहीत. न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. "तो लोगारिअस्मो, पाराकालो" एवढं म्हटलं की येतं.

ज्यांना हा प्रकार मुळापासून पाहायचाय त्यांनी व्होलोसला जावं. अथेन्सच्या उत्तरेचं बंदर. तिथे 'त्सिपुराद्को' म्हणतात अशी ठिकाणं आहेत. १९२२ साली आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, लाखो ग्रीक निर्वासित होऊन आले, पुढच्या वर्षी लोझानच्या करारानं दोन्ही देशांत लोकसंख्येची अदलाबदलच झाली. त्यातले पुष्कळ व्होलोसला स्थिरावले, बंदरावर हमाली करू लागले. काम सुटल्यावर त्सिपुरो घ्यायचं, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली दारू, आणि त्याच्याबरोबर बशीत थोडंसं काहीतरी. आजही पद्धत तीच आहे. तुम्ही खाणं मागवतच नाही. फक्त त्सिपुरोची छोटी बाटली सांगायची, ५० मिलिलिटरची. तिच्याबरोबर काय द्यायचं ते स्वयंपाकघर ठरवतं. दुसऱ्या बाटलीबरोबर दुसरं, तिसरीबरोबर तिसरं, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा सरस. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिल्या बशीत खारवलेला मासा, लोणचं आणि दोन ऑलिव्ह होते. पाचव्या फेरीला जाळीवर भाजलेली कोळंबी आली. त्यावेळी आमच्या टेबलावर एक ग्रीक, दोन फिलिपिनो, एक युक्रेनचा आणि मी. बश्या मधे. जहाजावर आमच्या जेवणाच्या मेस वेगवेगळ्या होत्या, अधिकाऱ्यांची वेगळी, खलाशांची वेगळी. तिथे ते नव्हतं.

उष्ट्याबद्दल मी काय सांगणार, समुद्रावर ते पहिल्याच वर्षी सुटतं.

ओसरी
५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मी थेसालोनिकीला चौदा वर्षं आहे, नवरा इथलाच. कैरी, सांतोरिनीचा खरा फावा होतो तो तिथल्या एका खास कडधान्याचा. ते आपल्या लाखेच्या डाळीच्या जवळच्या नात्यातलं. पण बाकी ग्रीसमध्ये घरोघरी पिवळ्या वाटाण्याची डाळच वापरतात, ती तुला कुठेही मिळेल. कांदा आणि पाणी घालून मंद आचेवर शिजव, वर येणारा फेस काढत राहा, घोटून घे, लिंबू पिळ. गरम असताना पातळ दिसेल, घाबरू नको, निवल्यावर घट्ट होतं. हळद घालू नकोस!

शाकाहारी लोकांसाठी एक शब्द मोलाचा आहे : 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाला चालणारं. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात ईस्टरच्या आधीचे चाळीसच्या वर दिवस, आणि एरवीही बुधवार-शुक्रवार, पाळणारे लोक मांस, अंडी, दूध-दही काही खात नाहीत. त्यामुळे इथल्या स्वयंपाकात तेलातल्या भाज्या आणि कडधान्यांचे इतके प्रकार आहेत. रव्याचा हलवा तेलात होतो तो त्याचसाठी, उपासाला लोणी चालत नाही. पण सावध, ऑक्टोपस, कालवं, कोळंबी आणि माशाच्या अंड्यांची तारामोसालाता उपासाला चालते. म्हणून 'ईमे होर्तोफागोस' हेही सांगा, मी शाकाहारी आहे. शब्दशः अर्थ पालाभाजी खाणारा. दोल्मादाक्या मागवताना 'यालांझी' आहेत का विचारा. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ खोटारड्या, कारण आत खिमा नसतो. भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरची बिनमांसाचे असले तर त्यांना 'ओर्फाना' म्हणतात, अनाथ.

आणि शेवंती, एक गोष्ट सांगायला जड जातंय पण सांगते, कारण तुझ्या आईचं कडक आहे. इथल्या पारंपरिक चीजमध्ये, फेटातसुद्धा, दूध साकळायला कोकराच्या किंवा करडाच्या पोटातलं रेनेट वापरतात. सागानाकीचं चीजही त्यातलंच. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याबद्दल. तू जे पाहिलंस ते जेवणघरातलं. घरी ये माझ्याकडे. माझ्या सासूबाई रविवारी अकरा माणसांना बश्या मधोमधच ठेवतात, आणि स्वतः ओट्यापाशी उभ्या. "फाए, फाए," खा, खा, हा गजर चालू. कुणी बसा म्हटलं तर म्हणतात, मी चाखत-चाखतच जेवले. बश्या मधे ठेवल्यानं बाईमाणूस बसतं, असं मला चौदा वर्षांत दिसलं नाही. तुझी आई बसली कारण स्वयंपाक दुसऱ्या बाईंनी केला होता, आणि त्या उभ्या होत्या.

शेवंती
५ ऑक्टोबर, दुपारी १:३५

ओसरी, तुझं शेवटचं वाक्य वाचून काम सोडून बसले होते. खरं आहे. त्या बाई साडेतीन तासांत एकदाही बसल्या नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तरी थोडं माझं म्हणणं. आई इथेही हॉटेलात जाते, तिथेही स्वयंपाक दुसऱ्यानंच केलेला असतो, तरी ती वाढत बसते. वाडगे, डाव, तंदुरी रोटीची टोपली, सगळं तिच्या पुढ्यात सरकवलं जातं, आम्हीच सरकवतो. त्या दिवशी सरकवण्यासारखं काही नव्हतं.

चीजचं आज आईला सांगितलं. जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोटात गेलं ते गेलं. पुढच्या वेळी ते तेवढं नको." लपवलं असतं तर मला झोप लागली नसती. सांगितलंस ते बरं केलंस.

तळ्यातमळ्यात
५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:५०

मला हा प्रकार आवडला नाही, आणि कारणं मनापासून सांगतो. आम्ही सहा जण गेलो होतो, त्यातले दोन शाकाहारी. बिल सहात सारखं वाटलं गेलं. ऑक्टोपस आणि कोळंबीचे पैसे त्या दोघांनीही भरले, संकोचानं काही बोलले नाहीत. आपल्या लोकांत पैशाचं बोलणं कुणी काढत नाही आणि मग ते मनात राहतं.

दुसरं, एका बेटावर बंदराला लागून असलेल्या ठिकाणी आम्हाला मासा दाखवला, ताजा आहे म्हणाले, आम्ही मान डोलावली. मेनूवर किंमत किलोची होती, ते कळलं बिल आल्यावर. त्या एका माशाचे ९४ युरो. बायकोनं त्या सहलीसाठी दोन वर्षं पैसे साठवले होते. परतीच्या बोटीवर ती एक शब्द बोलली नाही.

पिरेअसकर
५ ऑक्टोबर, रात्री ८:१०

फार वाईट वाटलं वाचून. पुढे जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. ताजा मासा तिकडे बहुतेक ठिकाणी किलोच्या भावानंच असतो. तुमच्यासमोर वजन करून मागा, ग्रॅम आणि युरो दोन्ही आकडे ऐका, मगच हो म्हणा. चांगला माणूस यात अपमान मानत नाही, उलट स्वतःहून तराजूकडे नेतो. मेनूवर पदार्थापुढे फुली किंवा चांदणी असेल तर तो गोठवलेल्या मालाचा असतो, तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि तिथल्या मेनूंवर आणखी एक ओळ छापलेली असते : कायदेशीर पावती मिळाली नाही तर ग्राहक पैसे देण्यास बांधील नाही. पावती नेहमी घ्या.

पावाचे पैसे घेणं ही तिथली रूढ रीत आहे, शेवंतीताई. नको असेल तर आल्या आल्या परत पाठवावा. पण पाव नसेल तर त्या सॅलडच्या तळचं तेल कशाला लावून खाणार? त्या बुडवून खाण्याला त्यांच्यात नावच आहे, 'पापारा'.

बिल वाटण्याबद्दल : ग्रीक लोक बहुधा वाटतच नाहीत. एक जण सगळं देतो, पुढच्या वेळी दुसरा. त्यासाठी खास क्रियापद आहे, 'केरनाओ', मी पाजतो-खिलवतो. शेवटी फुकट आलेला हलवा तोही 'केरास्मा', घराकडून. तुमच्या सहा जणांत मात्र आधीच बोलून मांसाहाराचं बिल वेगळं करायला हवं होतं. जेवणघराला सांगितलं असतं तर दोन बिलं करून दिली असती.

शब्दवेडा
५ ऑक्टोबर, रात्री ९:२५

कुणीच कसं लिहिलं नाही! 'मेझे' ग्रीकमध्ये आला तुर्कीतून, तुर्कीत फारसीतून. फारसीत 'मझे' म्हणजे चव. तोच शब्द पूर्वेकडे आपल्याकडे येऊन 'मजा' झाला. तिकडे त्याची बशी झाली, इकडे त्याचा आनंद झाला.

शेवंतीताईंच्या आईंना त्या बाईंनी साखर दाखवली तेव्हा 'झाहारी' म्हटलं असणार. तोही आपल्याच 'शर्करे'चा वंशज, आणि 'साखर'ही. वांग्याला ते 'मेलित्झाना' म्हणतात, तो शब्द फारसी-अरबी वळसा घालून गेलेला, मूळ भारतातलंच. त्रिया आणि त्रि हे तर उघडच आहे, एका आजीच्या दोन नाती. दोन बायका एका दारात उभ्या राहून मापं सांगत होत्या, त्यातले किती शब्द दोघींचे होते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मेलबर्नची_माई
६ ऑक्टोबर, पहाटे ४:३०

आमच्याकडे ओकली म्हणून भाग आहे, तिथे ग्रीक वस्ती दाट. दुसऱ्या महायुद्धानंतर बोटी भरभरून लोक आले. माझी शेजारीण कालामाताची, नव्वदीला टेकलेली. तिच्या कुंपणावर द्राक्षाचा वेल आहे, वसंतात कोवळी पानं खुडून ती खारवून ठेवते. मला तिनं दोल्मादाक्या वळायला शिकवलं : पानाची शिरा असलेली बाजू वर, सारण करंगळीएवढंच, आणि गुंडाळी सैल, कारण तांदूळ फुगतो. मी एकदा आळूवड्यांसारखी घट्ट गुंडाळली, सगळ्या फुटल्या.

उष्ट्याचं आमच्या घरी असं ठरलंय : प्रत्येक बशीत स्वतःचा चमचा, तो तोंडाला लागत नाही, आणि पावासाठी प्रत्येकाला तेलाची वेगळी वाटी. नातवंडांनाही सवय झाली आहे. ग्रीक शेजारणीला पहिल्यांदा ते खटकलं. आमच्यात काय परकेपणा, म्हणाली. मग मी तिला समजावलं की आमच्यात हे दुसऱ्याचा मान राखणं असतं. आता ती आली की स्वतःच चमचे मांडते.

गव्हला
६ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

उष्टं कडक पाळणाऱ्या आपल्याच माणसांत काल्याचा प्रसाद आहे ना! पंढरपूरला काल्याच्या दिवशी वारकरी एकमेकांच्या तोंडात घास घालतात. दहीपोहे, लाह्या, लोणचं एकत्र कालवलेलं. कुणाचा हात, कुणाचं तोंड, कुणी बघत नाही. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करणारी, पण काल्याला तिनं अनोळखी माणसाच्या हातचा घास घेतलेला मी लहानपणी पाहिलाय. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं नाही. शेवंतीताई, आईंना विचारा बरं.

कैरी
६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

गव्हला, +१.

काल फावा केला. अर्धी वाटी डाळ चौघांना पुरून उरली. ओसरीताई, हळद घातली नाही! सासऱ्यांनी वर मिरचीचं तेल मागितलं, ते दिलं. आता हलव्याचं नीट माप हवंय.

शेवंती
७ ऑक्टोबर, रात्री ९:०५

गव्हला, आईला विचारलं. म्हणाली, "काला वेगळा. तो प्रसाद." आणि मग भाजी निवडता निवडता बऱ्याच वेळानं, "त्या बाईनं रेघ ओढली नसती तर मी दशमीच खाल्ली असती. तिला कसं कळलं ग?" मला उत्तर देता आलं नाही.

माईंचं चमच्यांचं आवडलं. रविवारी तसंच केलं. थालीपीठ, लोणी, वांग्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर, माठाची भाजी (आईनं एका बशीत फोडणीची केली, दुसरीत नुसती उकडून लिंबू-तेलाची), सगळं जेवणाच्या टेबलावर मधोमध, चमच्यांसकट. थालीपिठं मी आधी करून डब्यात ठेवली, तव्यावरून गरम वाढायची नाहीत असं ठरवूनच. गार थालीपिठावर नवऱ्यानं आणि लेकीनं कुरकुर केली नाही. ओसरी, तुझं बोलणं डोक्यात होतं, म्हणून मीही बसले. आई दोनदा उठली. एकदा मिठासाठी, एकदा कारण नसताना.

कैरी, हलव्याचं माप : एक वाटी तेल, दोन वाट्या जाड रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी. साखर-पाण्यात दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची किंवा संत्र्याची साल घालून उकळून ठेव. पाकाला तार यायला नको, साखर विरघळून चांगली उकळी आली की पुरे. रवा तेलात मंद आचेवर चांगला खरपूस भाज, आपल्या शिऱ्यापेक्षा दोन पावलं पुढे, बदामाच्या सालीच्या रंगावर. हवे तर त्यातच बदाम परत. मग गॅस बंद करून गरम पाक ओत. तो जोरात उसळतो, मनगटापर्यंत शिंतोडे येतात, म्हणून एका हातात झाकण ढालीसारखं धर आणि लांब दांड्याच्या पळीनं ओत. परत मंद आचेवर ठेवून ढवळ, कडा सुटायला लागल्या की फडक्यानं झाकून दहा मिनिटं ठेव. वाटीत दाबून भर, निवल्यावर उपडी कर, वर दालचिनी. ऑलिव्हचं तेल आम्ही भावानं दिलेलं वापरलं, साधं गोडेतेलही चालेल.

आईच्या पाककृतींच्या वहीत, पुरणपोळी आणि साटोरीच्या मधल्या कोऱ्या पानावर, आज हे मी पाहिलं : 'अथेन्सचा शिरा. १ तेल, २ रवा, ३ साखर, ४ पाणी.' तीनच्या आकड्यावर काट मारून वर लिहिलंय, 'अडीच पुरे.'